खाडीकाठच्या आम्लधर्मी मातीवर आणि भूजलावर प्रक्रिया: नवख्या साइट अभियंत्यांसाठी मार्गदर्शन

मुंबईत खाडीच्या किंवा जुन्या मिठागरांच्या जवळ तळघराचे खोदकाम सुरू झाले, की वरचा भराव संपल्यावर पोकलेनच्या बकेटमधून राखाडी-काळी, चिकट आणि सडक्या अंड्यांचा वास मारणारी माती वर येऊ लागते. नव्याने रुजू झालेल्या अभियंत्याला या मातीची काळजी वाटते ती तिच्या मऊपणामुळे, कारण ती खचते, शोअरिंगवर दाब आणते आणि डंपरमधून रस्त्यावर सांडते. ती काळजी रास्तच आहे. परंतु हीच माती उघड्यावर काही आठवडे पडून राहिली तर ती गंधकाम्ल तयार करू शकते, ही गोष्ट अभियांत्रिकी महाविद्यालयात सहसा कोणी सांगत नाही. अशा मातीची किंवा तिच्यातून येणाऱ्या आम्लधर्मी पाण्याची जबाबदारी ज्यांच्यावर पहिल्यांदाच आली आहे, त्यांच्यासाठी पुढील पायऱ्या लिहिल्या आहेत. सामू, म्हणजेच पीएच, आम्ल आहे की नाही एवढेच सांगतो. ते किती आहे हे सांगत नाही. चुन्याचा हिशेब मात्र नेहमी ‘किती’ यावरच करायचा असतो, आणि साइटवरच्या बहुतेक चुका हा फरक विसरल्यामुळे होतात.

आम्ल येते कोठून

समुद्राच्या पाण्यात दर लिटरला सुमारे २.७ ग्रॅम सल्फेट असते. तिवरांच्या मुळांशी साचलेल्या, प्राणवायू न पोहोचणाऱ्या चिखलात कुजलेल्या पाल्यावर जगणारे जिवाणू या सल्फेटचे सल्फाइड करतात, आणि मातीतील लोहाशी संयोग होऊन त्याचे पायराइट बनते. हे पायराइट जोवर भूजलपातळीच्या खाली आहे, तोवर ते हजारो वर्षे निरुपद्रवी राहते. पाणी उपसले किंवा माती वर काढली, की हवेतला प्राणवायू त्याच्यापर्यंत पोहोचतो आणि पायराइटच्या एका रेणूमागे गंधकाम्लाचे दोन रेणू तयार होतात. कोरड्या मातीत वजनाने १ टक्का पायराइटी गंधक असेल, तर एका टनातून सुमारे ३०.६ किलो गंधकाम्ल निघू शकते आणि ते निष्प्रभ करण्यास ३१.२ किलो शुद्ध कॅल्शियम कार्बोनेट लागते. हा ३१.२ चा आकडा पाठ करून ठेवावा; पुढे तो पुन्हा येणार आहे.

मुंबईच्या खाडीची प्रत्येक चिकणमाती आम्ल सोडतेच असे नाही, हे येथेच सांगितले पाहिजे. आपल्या चिखलात शिंपल्यांचा चुरा बऱ्याचदा भरपूर असतो आणि तो तयार झालेले आम्ल जागच्या जागी खाऊन टाकतो. केरळातील कुट्टनाडमध्ये अशा मातीने भातशेतीला पिढ्यान्‌पिढ्या त्रास दिला आहे. त्यावरून आपल्याकडेही तसेच होईल असे मानणे चूक आहे, आणि आपल्याकडे ऐकिवात नाही म्हणून चाचणीच न करणे ही त्याहून मोठी चूक आहे.

आम्लाचा दुसरा उगम माणसाने केलेला असतो. जेथे पूर्वी इलेक्ट्रोप्लेटिंगचे किंवा लोखंड आम्लात धुण्याचे, म्हणजे पिकलिंगचे, गाळे होते, तेथे फरशीखाली वर्षानुवर्षे झिरपलेले हायड्रोक्लोरिक किंवा सल्फ्युरिक आम्ल सापडते. त्याच्यासोबत क्रोमियम, निकेल, जस्त हे धातूही असतात आणि त्यांची पद्धत वेगळी आहे. ती पाण्याच्या पायरीत येईल.

पायरी १: जागेचा पूर्वेतिहास आणि डोळ्यांनी पाहणी

सर्वप्रथम जुने नकाशे पाहावेत. आज जेथे इमारत उभी राहणार आहे, तेथे पूर्वी खाडीचा फाटा, तिवरे, मिठागर किंवा खारजमीन होती का, हे शोधावे. वडाळा, शिवडी, कांजूरमार्ग, भांडुप, मानखुर्द, मालवणी या पट्ट्यांत भरावाखाली खाडीचा चिखल मिळणे नेहमीचे आहे. त्याउलट बेसॉल्टच्या टेकडीवरच्या जागेत वर मुरूम आणि खाली काळा पाषाण असेल, तर या विषयावर वेळ घालवण्याचे फारसे कारण नाही.

त्यानंतर खड्ड्याच्या कडा पाहाव्यात. मुळांच्या जुन्या वाटांभोवती फिकट पिवळे, लोण्याच्या रंगाचे ठिपके दिसले तर ते बहुधा जॅरोसाइट हे खनिज असते आणि ते केवळ तीव्र आम्लात तयार होत असल्यामुळे, आम्ल आधीच निर्माण झाले आहे असे समजावे. साचलेल्या पाण्यावर नारिंगी साय, पंपाच्या पाइपवर गंजाचा जाड थर, किंवा खड्ड्यात साचलेले पाणी आजूबाजूच्या गढूळ पाण्याच्या मानाने संशयास्पद स्वच्छ व निळसर-हिरवे दिसणे, ही सगळी चिन्हे नोंदवहीत टिपून ठेवावीत. पाणी स्वच्छ दिसते याचे कारण विरघळलेले ॲल्युमिनियम मातीचे कण एकत्र आणून खाली बसवते. पाहुण्यांना ते पाणी चांगले वाटते; माशांना ते मारते.

पायरी २: नमुने आणि खड्ड्याच्या काठावरची चाचणी

भूतांत्रिक तपासणीसाठी बोअर घेतले जाणारच असतात. त्याच वेळी ड्रिलिंगच्या माणसांना सांगून दर अर्ध्या मीटरला वेगळा नमुना ठेवून घ्यावा, आणि खोदकामाच्या किंवा पाणी उपशाच्या कमाल खोलीच्या खाली निदान एक मीटरपर्यंत जावे. नमुना एसपीटीच्या, म्हणजे बोअरमध्ये हातोड्याने ठोकून माती मोजण्याच्या चाचणीच्या, चमच्यातला असावा. बोअरमधून धुऊन वर आलेला गाळ चालत नाही. नमुना जाड पॉलिथीनच्या पिशवीत भरून हवा दाबून बाहेर काढावी, पिशवी बर्फाच्या पेटीत ठेवावी आणि त्याच दिवशी प्रयोगशाळेत पोहोचवावी. साइट ऑफिसच्या टेबलावर शनिवारी ठेवलेला नमुना सोमवारी प्रयोगशाळेत गेला, तर तोवर प्रयोगशाळेचे निम्मे काम हवेने केलेले असते.

साइटवर करायची चाचणी दोन भागांची आहे. पहिल्या भागात चमचाभर ओल्या मातीत थोडे शुद्ध पाणी घालून तिची खीर करावी आणि मीटरने सामू मोजावा. तो ४ किंवा त्याहून कमी असेल, तर माती आजच आम्लधर्मी आहे. दुसऱ्या भागात दोन-तीन ग्रॅम माती उष्णता सहन करणाऱ्या काचनळीत घेऊन तिच्यावर ३० टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड थोडे थोडे ओतावे. जे काम हवा काही आठवड्यांत करते, ते पेरॉक्साइड काही मिनिटांत करून दाखवते. चिखल फसफसतो, नळी हाताला चटका देईल इतकी तापते, वाफ आणि गंधकाचा तिखट वास येतो. पंधरा-वीस मिनिटे थांबून, निवाल्यावर पुन्हा सामू मोजावा. तो ३ च्या खाली गेला, पहिल्या आकड्यापेक्षा एक अंकाहून जास्त उतरला आणि फसफसही जोरदार झाली, या तिन्ही गोष्टी एकत्र आल्या तर मातीत पायराइट आहे असा भक्कम संशय घ्यावा.

येथे दोन खबरदाऱ्या आहेत. बाजारातले पेरॉक्साइड टिकावे म्हणून त्यात मुळातच आम्ल घातलेले असते. त्यामुळे वापरण्यापूर्वी सौम्य कॉस्टिकचे थेंब घालून त्याचा सामू ४.५ ते ५.५ च्या दरम्यान आणला नाही, तर प्रत्येक माती दोषी ठरते. शिवाय केवळ फसफस हा पुरावा नव्हे, कारण सेंद्रिय पदार्थ आणि मँगनीजही पेरॉक्साइडशी जोरात झगडतात. चष्मा आणि हातमोजे घातल्याशिवाय ही चाचणी कोणालाही करू देऊ नये. ३० टक्के पेरॉक्साइडने कातडी भाजते.

पायरी ३: प्रयोगशाळेकडून नेमके काय मागावे

साइटवरची चाचणी संशय सांगते, हिशेब सांगत नाही. प्रयोगशाळेला केवळ सामू आणि सल्फेट मोजायला सांगितले, तर अहवाल मिळेल पण उत्तर मिळणार नाही, कारण खाऱ्या चिखलात समुद्राचे सल्फेट असतेच आणि त्याचा होऊ घातलेल्या आम्लाशी संबंध नसतो. मागायच्या गोष्टी तीन आहेत. पहिली, क्रोमियम रिड्यूसिबल सल्फर, म्हणजे पायराइटमध्ये दडलेले गंधक, अजून न उमललेले आम्ल. दुसरी, टायट्रेशनने, म्हणजे मोजून अल्कली घालून, काढलेली सध्याची आम्लता. तिसरी, मातीची स्वतःची आम्ल खाण्याची क्षमता. पहिल्या दोहोंच्या बेरजेतून तिसरी वजा केली की निव्वळ आम्लता मिळते.

वजाबाकी करताना हात आखडता ठेवावा. प्रयोगशाळेत नमुना दळला जातो, त्यामुळे मोठे शिंपलेही भुकटी होऊन मोजले जातात. जमिनीत मात्र अख्ख्या शिंपल्यावर लोहाचा किंवा जिप्समचा थर बसतो आणि आतला चुना कधी कामाला येत नाही. म्हणून मोजलेली क्षमता निदान १.५ ने भागून मगच वजा करावी, आणि मोठे शिंपले नमुन्यातून आधीच चाळून काढावेत. ऑस्ट्रेलियात, जेथे या विषयाचे नियम सर्वांत तपशीलवार आहेत, एक हजार टनांहून अधिक माती हलवायची असेल तर ०.०३ टक्के गंधकापासूनच व्यवस्थापन आराखडा मागितला जातो. एवढ्या लहान आकड्याचे आश्चर्य वाटत असेल तर ३१.२ ने गुणून पाहावे: एक हजार टनांना जवळजवळ एक टन चुनखडी.

पायरी ४: खणायलाच हवे का

सर्वांत स्वस्त प्रक्रिया म्हणजे ती माती न हलवणे. तळघराची एक पातळी कमी करता येते का, पाइल कॅपची खोली वर घेता येते का, हा प्रश्न आर्किटेक्टला आराखडा पक्का होण्याआधी विचारावा. नंतर विचारला तर उत्तर ठरलेलेच असते. खणणे अटळ असेल, तर पाणी फक्त खड्ड्याच्या आतले उपसावे. सेकंट पाइलची (एकमेकांत गुंतलेल्या पाइलची) किंवा डायफ्रॅम (चरात ओतलेली सलग काँक्रीटची) भिंत खडकापर्यंत नेऊन पाणी बाहेरून येणे थांबवले, तर शेजारच्या भूखंडाखालची भूजलपातळी उतरत नाही, तेथील चिखलाला हवा लागत नाही आणि शेजारची इमारतही खचत नाही. एकाच भिंतीचे हे दोन फायदे आहेत, त्यामुळे तिच्या खर्चाचे समर्थन करताना दोन्ही मांडावेत.

काढलेली माती पुन्हा कायमस्वरूपी पाण्याखाली पुरता येते आणि हवा न लागल्यास ती तेथे सुरक्षितही राहते. पण मुंबईत अशी जागा मिळणे दुर्मीळ आहे, आणि खाडीकाठी किंवा तिवरांत माती टाकणे हा पर्यायच नाही: किनारी नियमन क्षेत्राची अधिसूचना आहेच, शिवाय मुंबई उच्च न्यायालयाने २००५ पासून तिवरांची तोड आणि त्यांच्याभोवतीच्या ५० मीटरांत भराव वा बांधकाम यांना मनाई केली आहे. डंपर कोठे रिकामा होतो हे पाहण्याची जबाबदारी ठेकेदारावर सोडून अभियंत्याने मोकळे होऊ नये.

पायरी ५: चुन्याचा हिशेब

मातीसाठी बारीक दळलेली चुनखडी, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेटची भुकटी, हीच पहिली निवड असावी. ती पाण्यात फारशी विरघळत नाही, कितीही जास्त झाली तरी सामू साधारण ८.३ च्या पुढे नेत नाही, आणि हाताळणाऱ्याला भाजत नाही. कळीचा चुना वजनाला जवळजवळ पावणेदोनपट आणि विरवलेला म्हणजे हायड्रेटेड चुना सुमारे १.३५ पट काम करतो. परंतु दोघेही सामू १२ च्या वर नेऊ शकतात, आणि कळीचा चुना ओल्या मातीत पडताच उकळी फुटते.

हे आकडे एका उदाहरणात पाहू. समजा, निव्वळ आम्लता ०.८ टक्के गंधकाइतकी आली. ०.८ गुणिले ३१.२, म्हणजे कोरड्या टनामागे २५ किलो शुद्ध कार्बोनेट. मिसळणी कधीच परिपूर्ण नसते, म्हणून त्याला १.५ ने गुणावे: ३७.४ किलो. आणलेल्या चुनखडीची शुद्धता आणि बारीकपणा धरून परिणामकारकता ८५ टक्के असेल, तर ४४ किलो. येथपर्यंत बहुतेक जण बरोबर येतात आणि पुढे घसरतात, कारण प्रयोगशाळेचा आकडा कोरड्या वजनावर असतो आणि डंपरमध्ये ओला चिखल असतो. ओल्या मातीची घनता घनमीटरला १.५ टन आणि पाण्याचे प्रमाण कोरड्या वजनाच्या ८० टक्के असेल, तर कोरडी माती फक्त १.५ भागिले १.८, म्हणजे ०.८३ टन भरते. त्यामुळे घनमीटरला लागणारी चुनखडी ४४ गुणिले ०.८३, म्हणजे सुमारे ३७ किलो. दहा घनमीटरच्या खेपेला ३७० किलो, ५० किलोची साडेसात पोती. पाण्याचा विचार न करता थेट १.५ ने गुणले असते तर ६६ किलो आले असते, आणि चुनखडीचे बिल जवळजवळ दुप्पट झाले असते.

पायरी ६: मिसळणीचा ओटा

जागा सपाट करून, खाली घट्ट दाबलेल्या मुरुमाचा थर देऊन, भोवती बांध घालून आणि एका कोपऱ्याकडे उतार देऊन ओटा तयार करावा, म्हणजे निथळणारे पाणी एका हौदात जमा होईल. माती पडण्यापूर्वी ओट्यावर चुनखडीचा संरक्षक थर पसरावा. ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलंडच्या पद्धतीत वर येणाऱ्या मातीच्या दर मीटर उंचीमागे चौरस मीटरला निदान ५ किलो असे प्रमाण धरतात. मग माती सुमारे ३० सेंटिमीटरच्या थरांत पसरून, तिच्यावर मोजलेली चुनखडी टाकून, रोटाव्हेटरने किंवा चाळणी-बकेट लावलेल्या पोकलेनने मिसळावी.

खरी अडचण येथे येते, कारण खाडीचा चिखल मिसळत नाही. त्याचे नारळाएवढे गोळे होतात, चुनखडी गोळ्याच्या बाहेर राहते आणि आम्ल आत. म्हणून थर एक-दोन दिवस थोडा वाळू द्यावा, एकदा उलटावा, आणि गोळा मुठीत दाबल्यावर चिकटण्याऐवजी फुटू लागला की मगच पुढे जावे. फार वाळू देऊ नये, कारण तेवढ्यात आम्लही तयार होत राहते. गोळा मध्यभागी चिरून आत पांढरे कण दिसतात की नाही हे पाहण्याची सवय लावून घ्यावी. मिसळणी तपासण्याचा त्याहून झटपट उपाय माझ्या माहितीत नाही.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यानंतर उघड्या ओट्यावर हे काम करणे जवळजवळ अशक्य आहे. मुंबईत चार महिन्यांत दोन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. उन्हाळ्यात ढिगाऱ्यावर साठलेले आम्लयुक्त क्षार पहिल्याच मोठ्या सरींत धुऊन निघतात, आणि त्या वेळी हौद भरून वाहिला तर सगळे नाल्यात जाते. शक्य तर खोदकामाचा हा टप्पा नोव्हेंबर ते एप्रिल असा आखावा. ते न जमल्यास ढीग ताडपत्रीने झाकून, त्याच्या पायथ्याशी चर काढून, ठरावीक मुदतीतच माती हलवावी.

मिसळून झाल्यावर दोन्ही साइट-चाचण्या पुन्हा कराव्यात. पाण्यातला सामू ६.५ ते ८.५ च्या दरम्यान आणि पेरॉक्साइडनंतरचाही ६.५ च्या वर राहिला पाहिजे. काही नमुने प्रयोगशाळेत पाठवून निव्वळ आम्लता शून्याखाली गेल्याची खात्री करावी आणि त्यानंतरच त्या थराला जाण्याची परवानगी द्यावी.

एक इशारा वेगळा लिहितो, कारण तो दोन विषयांच्या सांध्यावर पडतो आणि म्हणून दोघांच्याही नजरेतून सुटतो. मऊ माती घट्ट करण्यासाठी हायड्रेटेड चुना किंवा सिमेंट मिसळण्याची पद्धत सर्वांना माहीत आहे. परंतु मातीत सल्फेट भरपूर असेल, तर चुन्यामुळे वाढलेल्या सामूत चिकणमातीतले ॲल्युमिनियम सुटे होऊन एट्रिंगाइट हे खनिज तयार होते, आणि ते पाणी धरून फुगते. विरघळणारे सल्फेट किलोला ३,००० मिलिग्रॅमच्या वर असेल, तर अशा स्थिरीकरणाची स्वतंत्र तपासणी केल्याशिवाय त्याच्यावर फरसबंदी वा रस्ता बांधू नये. कॅल्शियम कार्बोनेटने सामू तेवढा वाढत नसल्यामुळे हा धोका त्याच्या बाबतीत उद्भवत नाही.

पायरी ७: उपशाच्या पाण्यावर प्रक्रिया

समजा, पंपाच्या पाण्याचा सामू ४ आहे. तेवढ्या सामूचे शुद्ध आम्ल लिटरला केवळ ५ मिलिग्रॅम कार्बोनेटने संपते. पण त्याच पाण्यात लिटरला १०० मिलिग्रॅम फेरस लोह आणि २० मिलिग्रॅम ॲल्युमिनियम विरघळलेले असेल, तर लोहामुळे १७९ आणि ॲल्युमिनियममुळे १११ मिलिग्रॅम कार्बोनेट लागेल इतकी आम्लता आणखी दडलेली असते, एकूण २९५. म्हणजे मीटरवर दिसते त्याच्या जवळजवळ साठपट. सामू ७ येईपर्यंत चुना टाकून पाणी सोडून दिले, तर पुढे नाल्यात फेरस लोह हवेने गंजते, पाणी नारिंगी होते आणि सामू पुन्हा उतरतो. यासाठी पाण्याची एकूण आम्लता पेरॉक्साइड घालून केलेल्या टायट्रेशनने मोजून घ्यावी, आणि चुन्याबरोबर हवाही द्यावी.

पाण्यासाठी चुनखडीची भुकटी मंद पडते. येथे हायड्रेटेड चुना योग्य ठरतो. २९५ मिलिग्रॅमसाठी त्याचे प्रमाण ०.७४ पट, म्हणजे सुमारे २१८ मिलिग्रॅम, आणि ९० टक्के शुद्धतेचा माल असेल तर २४३. दिवसाला १,००० घनमीटर पाणी निघत असेल तर रोज २४३ किलो, जवळजवळ पाच पोती. चुना आधी पाण्यात कालवून, ताकाइतका पातळ करून, सतत ढवळत ठेवून पंपाने सोडावा. पोते थेट हौदात फोडले तर अर्धा चुना तळाशी बसतो आणि उरलेल्याने सामू ११ वर जातो. सामू ९ च्या वर गेला की बसलेले ॲल्युमिनियम पुन्हा विरघळू लागते, म्हणून जास्त चुना म्हणजे जास्त सुरक्षित असे येथे होत नाही.

हौदांचा क्रम असा ठेवावा: पहिल्यात पाणी एकत्र होऊन त्याची चढ-उतार शमते, दुसऱ्यात चुना आणि हवा, तिसऱ्यात गाळ बसतो, आणि चौथ्यात बाहेर पडण्यापूर्वी सामू मोजला जातो. बसलेला नारिंगी गाळ फार पाणी धरतो, त्यामुळे तो जिओटेक्स्टाइलच्या पिशव्यांत निथळवावा. पर्यावरण संरक्षण नियमांतील सर्वसाधारण मानकांप्रमाणे बाहेर पडणाऱ्या पाण्याचा सामू ५.५ ते ९, निलंबित घन पदार्थ भूपृष्ठजलासाठी लिटरला १०० मिलिग्रॅमपर्यंत आणि लोह ३ मिलिग्रॅमपर्यंत असावे लागते. महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या संमतिपत्रात याहून कडक अट असेल तर तीच पाळावी.

जुन्या गाळ्यांच्या जागी पाणी पिवळसर असेल, तर चुना टाकण्यापूर्वी षट्‌संयुजी क्रोमियमची चाचणी करावी. हे क्रोमियम चुन्याने खाली बसत नाही. आधी पाणी आम्लधर्मीच ठेवून, सामू २ ते ३ च्या दरम्यान सोडियम मेटाबायसल्फाइटने त्याचे त्रिसंयुजी रूप करावे लागते, आणि मग चुन्याने सामू ८ ते ९ वर नेल्यावर ते बसते. घाईने आधी चुना टाकला तर पुढचे रसायन कितीतरी जास्त लागते. तो गाळ घातक कचरा म्हणूनच अधिकृत सुविधेकडे जातो; साइटवर पुरता येत नाही.

पायरी ८: जमिनीतच प्रक्रिया करण्याचे पर्याय

आम्लधर्मी भूजल एका दिशेने हळूहळू सरकत असेल, तर त्याच्या वाटेत चर खणून त्यात चुनखडीची किंवा जुन्या काँक्रीटची खडी भरता येते. पाणी तिच्यातून झिरपताना निष्प्रभ होते. ऑस्ट्रेलियात शोलहेवनच्या पूरमैदानात २००६ मध्ये पुनर्वापराच्या काँक्रीटची अशी झिरपभिंत बसवून तिच्यावर दीर्घकाळ निरीक्षणे घेतली गेली. पाडकामाचा माल मुबलक असलेल्या मुंबईत ही कल्पना आकर्षक वाटते. तिची मर्यादा अशी, की लोह आणि ॲल्युमिनियम खडीवर बसून तिचे छिद्र बुजवतात आणि पृष्ठभाग झाकतात. पाण्यातला विरघळलेला प्राणवायू लिटरला १ मिलिग्रॅमपेक्षा जास्त असेल तर चुनखडीवर गंजाचे कवच फार लवकर चढते. शिवाय आपल्या खाडीच्या चिखलातून पाणी जवळजवळ सरकतच नाही; ते भरावातून आणि मुरुमातून सरकते. त्यामुळे चर कोठे घ्यायचा हे बोअरच्या लॉगवरून ठरवावे. चिखलात चुन्याची निवळी दाबाने घुसवण्याचे प्रस्ताव येतात, पण निवळी भेगांतून वाट काढते आणि मधली माती तशीच राहते, म्हणून त्यांच्यावर मी भरवसा ठेवणार नाही.

क्वीन्सलंडमध्ये केर्न्सजवळच्या ईस्ट ट्रिनिटीत १९७० च्या दशकात उसासाठी बांध घालून कोरडी केलेली सुमारे ७४० हेक्टर खाडीची जमीन आम्लाने उद्ध्वस्त झाली होती. तेथे चुन्याच्या जोडीने भरतीचे पाणी नियंत्रितपणे पुन्हा आत घेऊन ती सुधारण्यात आली. ही पद्धत खारजमिनीच्या प्रमाणावर विचार करण्यासारखी आहे. इमारतीच्या भूखंडावर तिचा उपयोग नाही.

पायरी ९: काँक्रीटचा विचार

आम्लाला पूर्णपणे दाद न देणारे पोर्टलँड सिमेंट नसते. आयएस ४५६ : २००० या काँक्रीटच्या भारतीय मानकातील सल्फेटचे वर्गीकरण सामू ६ ते ९ असलेल्या भूजलासाठी आहे, त्याखालच्या पाण्यात तो तक्ता वाचून सिमेंट निवडले, तर तक्त्याचा गैरवापर होतो. खाडीकाठी सल्फेटच्या जोडीला क्लोराइडही असते, म्हणून निव्वळ सल्फेटरोधक सिमेंटपेक्षा स्लॅग किंवा फ्लायॲश असलेले, कमी पाण्याचे, दाट काँक्रीट अधिक योग्य, आणि सामू सातत्याने कमी असेल तर बाहेरून आम्लरोधक आवरण द्यावे. पाइलना आवरण देता येत नाही, त्यामुळे तेथे काँक्रीटची जाडी आणि घनता यांवरच सगळी भिस्त राहते.

पायरी १०: निरीक्षण

खड्ड्याच्या चारही बाजूंस पिझोमीटर (भूजलाची पातळी मोजण्याच्या व नमुने घेण्याच्या नळ्या) बसवून खोदकामापूर्वीची निदान एका पावसाळ्याची आणि एका उन्हाळ्याची मूळ नोंद असावी. ती नसेल तर पुढे भांडण झाल्यावर आम्ल आधीचे की आपले हे कोणालाच सिद्ध करता येत नाही. उपसा चालू असताना पाणीपातळी आणि सामू रोज, आम्लता, लोह व ॲल्युमिनियम दर आठवड्याला, असा क्रम पुरेसा होतो. मीटर रोज सकाळी ४ आणि ७ सामूच्या बफरमध्ये तपासावा. चिखलात बुडवलेला इलेक्ट्रोड न धुता ठेवला तर दोन दिवसांत तो हवे ते उत्तर देऊ लागतो.

खाऱ्या भूजलात एक उपयुक्त खूण मिळते. समुद्राच्या पाण्यात क्लोराइडचे सल्फेटशी वजनी प्रमाण साधारण ७.२ असते, आणि भरतीचे पाणी कितीही पातळ झाले तरी ते फारसे बदलत नाही. पिझोमीटरमध्ये हे प्रमाण ४ च्या खाली उतरू लागले, तर सल्फेट समुद्राखेरीज दुसरीकडूनही येत आहे, म्हणजे जवळपास कोठेतरी पायराइट गंजू लागले आहे, असा अर्थ घ्यावा. २ च्या खाली गेल्यास शंकेला जागा नाही. भूजलात मुळात क्षारता, म्हणजे आम्ल खाण्याची क्षमता, असल्यामुळे सामू या टप्प्यावर अजून ७ च्या आसपासच असतो, आणि म्हणूनच ही खूण सामूच्या आधी जाग आणते. ती दिसताच उपशाचा दर कमी करून पाणीपातळी पुन्हा चढू द्यावी, भिंतीच्या सांध्यांतून गळती होते का ते तपासावे आणि त्या बाजूच्या पिझोमीटरचे नमुने आठवड्यातून दोनदा घ्यावेत. उपसा बंद झाल्यावरही ही मोजणी निदान पुढचा एक पावसाळा संपेपर्यंत चालू ठेवावी, आणि त्याची तरतूद ठेकेदाराशी करार करतानाच वेगळ्या बाबीखाली लिहून घ्यावी, कारण राफ्ट (पायाचा सलग काँक्रीटचा थर) पडल्यानंतर साइटवरचा पंपवाला, त्याचा मीटर आणि नोंदवही हे तिन्ही दुसऱ्या कामावर गेलेले असतात.